कामगारांच्या छाती-तपासणी शिबिरासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

दसरा तोंडावर आला आहे, एक्स-रेच्या गाडीची तारीख पक्की करावयाची आहे आणि आगाऊ रक्कम भरल्याशिवाय ती मिळणार नाही, म्हणून हे पत्र घाईने लिहीत आहे. आपल्या मंडळाच्या शिबिरास यंदा निधी कमी पडत आहे.

१९०६ साली शाहू महाराजांनी कापड गिरणी उभी केली, तेव्हापासून आपल्या कोल्हापूरला कारखान्याच्या भोंग्याची सवय आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांतून, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यांतून, निघालेले कास्टिंग (ओतीव भाग) देशभर जाते, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे आणि तो असावाच. मात्र ज्यांनी वाळूचे साचे भरले, साच्याच्या आतले गाभे बनविणाऱ्या कोअर शॉपमध्ये रेझिनचा डोळ्यांना झोंबणारा धूर सोसला आणि फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करावयास, ग्राइंडर धरला, त्यांचे पुढे काय होते याकडे कोणी पाहत नाही. वाळूतील सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुफ्फुसात खोल रुतते, तेथे वण धरतात आणि बहुधा दहा-वीस वर्षांनी, म्हणजे माणूस काम सोडून गावाकडे शेती पाहू लागल्यावर, त्याला जिना चढताना धाप लागू लागते. हाच सिलिकोसिस; तो एकदा जडला की बरा होत नाही. त्यामुळे क्षयाचा धोका वाढतो, आणि कित्येकदा एक्स-रेवरील डाग पाहून त्यालाच क्षय समजून महिनोन्‌महिने औषधे दिली जातात. प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा देण्याच्या) टाकीवरील क्रोमियमच्या वाफेने नाकाचा पडदा झिजून त्याला भोक पडते व पुढे फुफ्फुसाच्या कर्करोगाची भीती राहते. सॉल्व्हंटमध्ये (रंग पातळ करण्याच्या द्रावकात) बेंझीन असल्यास ते रक्त तयार करणाऱ्या मज्जेवरच घाव घालते. आणि चांदी झाळण्याच्या मिश्रणात कॅडमियम असेल तर त्याचा धूर मूत्रपिंडे निकामी करू शकतो, हे हुपरीकडील बंधूंनीही ध्यानात घ्यावे.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात कलम ४१-सी घालण्यात आले. धोकादायक कामावरील कामगाराची तपासणी कामावर घेण्यापूर्वी, काम चालू असताना आणि ते काम सोडल्यानंतरही बारा महिन्यांहून जास्त खंड न पडता पुन्हापुन्हा व्हावी आणि आरोग्याची नोंद कामगारास पाहावयास मिळावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. धोकादायक प्रक्रियांच्या यादीत फौंड्रीचे नावही होते. पण ठेकेदाराकडे चार ठिकाणी चार-चार वर्षे काम केलेल्या माणसाची नोंद ठेवणार कोण? नुकसानभरपाई मागावयाची म्हटले की पहिला प्रश्न येतो, “कोणत्या खात्यात होता, कधीपासून कधीपर्यंत?” आणि तेथेच प्रकरण अडते.

हे ओळखूनच आपल्या मंडळातील मास्तरांनी प्रत्येक कामगाराच्या नोंदीच्या कार्डांची पद्धत सुरू केली. कारखाना, खाते, वर्षे, तोंडाला काय बांधत होता, विडी ओढत होता का, हे सर्व पेन्सिलीने नव्हे तर शाईने लिहावयाचे, असा त्यांचा दंडक होता. २०१९ च्या महापुरात कार्यालयात पाणी शिरले तेव्हा त्यांनी खुर्च्या-टेबले तशीच सोडली आणि कार्डांची ट्रंक तेवढी माळ्यावर चढवली. श्वासाची ताकद मोजण्याचे यंत्र उद्यमनगरातील एका मालकांनी दिले आणि नाव कोठेही छापू नका असे बजावले. ती आज्ञा आम्ही आजही पाळत आहोत. निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ दरवर्षी मानधन न घेता येतात. एका मोल्डरच्या (साचे भरणाऱ्या कामगाराच्या) पश्चात त्यांच्या पत्नीने, आम्ही सर्व ज्यांना वहिनी म्हणतो त्यांनी, वर्षश्राद्धाचा खर्च आटोपता घेऊन उरलेली रक्कम शिबिरास दिली आणि वर शिबिराच्या दिवशी साठ माणसांचा झुणका-भाकरीचा स्वयंपाकही केला. अशा माणसांमुळेच हे काम टिकले.

लिहू नये, पण लिहितो. गेल्या वर्षी घरोघरी पाठविलेल्या पत्रांना फारच थोड्यांनी उत्तर दिले. त्याच गल्ल्यांत मिरवणुकीच्या साउंड सिस्टिमसाठी वर्गणी मात्र एका संध्याकाळी जमली. उत्सव व्हावा, आमचा विरोध नाही. परंतु ती मिरवणूक पाहण्यास जे पायऱ्या उतरून खाली येऊ शकले नाहीत, त्यांच्यात आपल्याच तालमीतील जुने मल्ल होते. यंत्रात जोराने फुंकावयास सांगितल्यावर निम्म्या श्वासातच खोकल्याने थांबलेला त्यांतील एक जण एके काळी लोखंड ओतावयास पुढे उभा राहत असे, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले आहे.

एका कामगाराच्या एक्स-रे व श्वासतपासणीचा खर्च सुमारे ६०० रुपये येतो. एकाचा भार उचलला तरी चालेल. धनादेश मंडळाच्या नावे, रोख रक्कम कार्यालयात सायं. ६ ते ८ या वेळेत, पावती अवश्य घ्यावी. यंत्राच्या तोंडाच्या पुठ्ठ्याच्या नळ्या, झेरॉक्सचा कागद, ट्रंकेऐवजी एखादे लोखंडी कपाट याही वस्तू चालतील. कार्डे लिहिण्यासाठी सुवाच्य अक्षराच्या तरुणांची गरज आहे. शिबिर दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, नेहमीच्याच सभागृहात, सकाळी ८ पासून. फौंड्री, प्लेटिंग, रंगकाम किंवा चांदीकाम सोडून कितीही वर्षे झाली असली तरी यावे. जुनी हजेरीपत्रके, पगाराच्या पावत्या, गेटपास व जुने एक्स-रे सोबत आणावेत. रक्कम दसऱ्यापूर्वी आठ दिवस पोहोचल्यास गाडी ठरविता येईल.

आपला नम्र,
सचिव