आईस, बॉस्टनहून

बॉस्टन,
रविवार संध्याकाळ

प्रिय आई,
सप्रेम सलाम.

परवा फोन ठेवल्यापासून तुझं बोलणं डोक्यातून जात नाही. चर्चच्या महिला सभेत सगळ्या जणी आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उठल्या, तू बसूनच राहिलीस. "मी काय सांगणार? मी कुठे काय केलंय मंडळीसाठी?" एवढं म्हणालीस आणि लगेच शेवग्याच्या शेंगांचा भाव सांगायला लागलीस. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहायला बसले.

इथे कोर्ट स्ट्रीटवर भिंतीला ब्राँझची एक पाटी आहे. या जागी बुटांचं दुकान होतं आणि २१ एप्रिल १८५५ रोजी त्यात डी. एल. मूडी देवाकडे वळले, असं तिच्यावर लिहिलंय. मूडींच्या गोष्टी बाबा सांगायचे, आठवतं ना? हजारोंच्या सभा गाजवणारे ते अमेरिकन धर्मोपदेशक. त्यांना ज्यांनी वळवलं त्या एडवर्ड किंबॉल यांचं नाव मात्र पाटीवर नाही.

किंबॉल संडे स्कूलचा एक वर्ग घ्यायचे, बस. मूडी खेड्यातून आलेला, मामाच्या दुकानात कामाला लागलेला पोरगा. वर्गात योहानाचं शुभवर्तमान काढायला सांगितलं, तर हा जुन्या करारातच शोधत बसला. बाकीची मुलं हसायला लागली. किंबॉलनी आपलं उघडलेलं बायबल गुपचूप त्याच्या हातात दिलं. मला वाटतं, खरं काम तिथेच झालं असणार.

पुढे त्या एप्रिलच्या दिवशी ते त्याला भेटायला निघाले. पण ऐन कामाच्या वेळी गेलो तर पोराला लाजल्यासारखं होईल, या विचारात दुकान ओलांडून पुढेच गेले. मग माघारी फिरले. मूडी आत बूट कागदात गुंडाळत होता. किंबॉलनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ख्रिस्ताच्या प्रीतीविषयी थोडंसं बोलले. नेमके कोणते शब्द बोललो ते नंतर त्यांनाही आठवेना. आपलं बोलणं फार दुबळं झालं, असंच त्यांना वाटत राहिलं. मूडी तेव्हा १८ वर्षांचे होते.

त्या पाटीपासून थोडं चाललं की बीकन स्ट्रीटवर काँग्रिगेशनल चर्चांचं जुनं ग्रंथालय लागतं. तिथून जाताना मला दर वेळी आपलं नगर आठवतं. त्याच चर्चांच्या मिशनरी सिंथिया फरारबाई १८२७ मध्ये याच शहरातून मुंबईला निघाल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच गेल्या. सावित्रीबाई फुले अध्यापन शिकायला त्यांच्याकडे आल्या होत्या, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण फरारबाईंच्या मागे कोण होतं? बॉस्टनच्या बायकांनी १८०२ मध्ये आठवड्याला एक सेंट बाजूला टाकायचा नेम सुरू केला होता. गावोगावी अशी मंडळं निघाली आणि त्यांचे पैसे मिशनच्या कामाला जाऊ लागले. भाकरीचं पीठ काढताना आजी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, अगदी तसंच. त्या बायकांची नावं आज कुणाला माहीत आहेत?

आणि आमच्या इथले एक आजोबा. बर्फ पडला की उपासनेच्या कितीतरी आधी फावडं घेऊन येतात, पायऱ्या मोकळ्या करतात, मीठ टाकतात आणि लोक यायच्या आत घरी जाऊन कपडे बदलून येतात. मी तीन हिवाळे त्या पायऱ्या चढले आणि त्या आपोआप कोरड्या असतात असं धरून चालले. यंदा ते आजारी पडले, तेव्हा पहिल्याच रविवारी मी घसरले आणि मग विचारलं. याची मला अजून लाज वाटते.

तुझी तीच गोष्ट आहे, आई. दर प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री त्यातल्या द्राक्षरसासाठी काळ्या मनुका भिजत घालणारी तू. सकाळी कुस्करून, स्वच्छ पंच्यातून गाळून, रस डब्यात भरून पाळकसाहेबांकडे मागच्या दाराने पोचवणारी तू. उपासनेनंतर पेले धुताना एकही फुटू नये म्हणून टॉवेल अंथरून ठेवायचीस, आणि मी कंटाळून "चल ना गं घरी" म्हणायचे. मला विश्वास शिकवला तो त्या टॉवेलने. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात तर्तियस हळूच आपलाही सलाम घालतो बघ. पौल सांगत गेला, यानं लिहून काढलं. एवढ्या मोठ्या पत्रात त्याची स्वतःची अशी एकच ओळ. तो अध्याय आज झोपण्याआधी वाच. नुसत्या नावांची यादी म्हणून आपण तो नेहमी घाईने उरकतो.

आता कामाचं. इथे प्रभुभोजनाला बाटलीतला रस असतो. पवित्र गुरुवारी मी घरी करून आणीन, असं सांगून बसले आहे. चाळीस माणसांना मनुका किती घ्यायच्या? पाणी कोमट की गार? तू कधी मापाने केलं नाहीस, मला माहीत आहे, पण या वेळी वाटीने मोजून सांग. आणि गुडघ्यांना तेल लावतेस का, तेही खरं खरं सांग.

तुझी,
धाकटी