चि. नीलेशला पत्र

चि. नीलेश,
अनेक आशीर्वाद.

गाडीत बसल्याचा मेसेज आला, पोचल्याचाही आला. आप्पांसाठी त्यात एक शब्द नाही. असो. तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय.

डबा लावलास का, की बाहेरचंच चाललंय?

दार सताड उघडं ठेवतात म्हणून तू त्यांच्यावर ओरडलास, तेही लिफ्टपाशी उभ्या असलेल्या लोकांसमोर. "ही चाळ नाही, आप्पा!" तुझं बरोबर आहे, वॉचमनही सांगून गेलाय. पण एकदा त्यांच्या खुर्चीत बसून बघ. बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांत आपण सात माणसं. दार लावायचं ते फक्त झोपताना. आणि गिरण्यांच्या संपात? 18 जानेवारी 1982 पासून अडीच लाख कामगार घरी बसले. मी तेव्हा या घरात नव्हते, पण सासूबाई सांगायच्या, दिवसाढवळ्या कुणाच्या दाराला कुलूप दिसलं की समजायचं, बिऱ्हाड गावाला गेलं. पॅसेजमधली कुठली कुठली दारं अशी बंद झाली, ते आप्पा आजही नावं घेऊन सांगतात. 2025 च्या ऑगस्टात या नव्या घराची चावी हातात आली तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं? शेजारी कोण! घरवाटपाच्या लॉटरीत सगळा शेजार पांगला. आता 500 फुटांचं घर आहे, संडास घरात आहे, आणि मजल्यावरची सगळी दारं बंद. तरी पहाटे चारला उठून पिंप भरतात. (दुसऱ्या दिवशी ते पाणी लादीवर ओतून संपवते कोण, ते विचारू नकोस.)

झालं माझं लेक्चर सुरू. रागावू नकोस. तुझे बाबा म्हणतातच, पोराला चार दिवस शांत राहू दे.

दहावीला तू पॅसेजच्या दिव्याखाली अभ्यासाला बसायचास, तेव्हा आप्पा स्टूल टाकून राखणीला. कुणी मोठ्यानं बोललं की चप्पल दाखवायचे. काल लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईंना सांगत होते, नातू बेंगळुरूला मोठा इंजिनीअर आहे म्हणून. भांडणानंतरचं आहे हे, लक्षात घे.

वय चौऱ्याऐंशी, नीलेश. डॉक्टर म्हणाले, कान आता एवढेच राहणार. फोन केलास तर मोठ्यानं बोल, ओरडू नकोस. ऐकू कमी येतं, पण फरक कळतो त्यांना.

रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये दारांचा विषय आहे. मी म्हणणार आहे, आम्ही जाळीचं सेफ्टी डोअर बसवतो. कडी आतून राहील, बाहेरचं येणंजाणं दिसेल. लोखंडी घ्यावं की लाकडी, यावर तुझे बाबा आणि मी अडलोय. तू आप्पांनाच विचारून सांग. दुपारी चहानंतर जागे असतात.

तुझी,
आई