शनिवारी बैठक: बिल्डच्या सूचना कोडमधून

मंडळी, या शनिवारी दुपारी 3 वाजता दादरला, नेहमीच्याच खोलीत भेटू. रविवार नाही, त्यामुळे मेगाब्लॉकचं कारण चालणार नाही!

विषय: पायथनच्या बोटो3 लायब्ररीतून एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) कोडस्टार नोटिफिकेशन्सचे, म्हणजे बिल्ड किंवा पाइपलाइनमध्ये काय घडलं ते कळवणाऱ्या सेवेचे, नियम बनवणं. (कोडस्टार प्रोजेक्ट्स 31 जुलै 2024 ला बंद झाले, सूचनांची सेवा बंद झालेली नाही.)

- बोटो3 घरूनच टाकून या. एडब्ल्यूएसचा रीजन (सर्व्हरचा विभाग) मुंबईचा, एपी-साउथ-1.
- सरावाचं खातं वापरा, ऑफिसचं नको. मागे मी पाइपलाइनची (कोड आपोआप बिल्ड करून पुढे नेणाऱ्या टप्प्यांची) प्रत्येक घटना नियमात घातली आणि पहाटेपर्यंत टीमचे फोन वाजत राहिले. आपण फक्त ‘फेल्ड’ (अपयशाची घटना) घेऊ.
- एसएनएस (एडब्ल्यूएसची संदेश पाठवणारी सेवा) टॉपिकला मेल जोडून कन्फर्मची लिंक दाबा. ती राहिली तर नियम बरोबर असूनही मेल येत नाही.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.