वेल्डिंग येतं म्हणजे शिकवता येतं असं नाही

संपादक साहेब,

कसब हातात असलं की शिकवणं काय अवघड, असं मलाही वाटायचं, पण वेल्डिंग शिकवणारा शिक्षक होण्याच्या ट्रेनिंगमधल्या पहिल्याच डेमो लेसनला घाम फुटला कारण हात जे सवयीने करतात ते शब्दांत सांगताच येईना. एकेक स्टेप सुटी करून दाखवायची, मग समोरच्याला करू द्यायचं आणि आपण हात मागे बांधून गप्प उभं राहायचं, हे तर महाकठीण! प्रौढांना शिकवण्याच्या शास्त्राला अँड्रागॉजी म्हणतात, हा शब्द १८३३ मध्ये अलेक्झांडर काप या जर्मन शिक्षकाने वापरला होता, तरी आजही चाळिशीतल्या माणसाला पोरासारखं दटावणारे मास्तर दिसतातच. अशा शिक्षकांना प्रॅक्टिस टीचिंगचे तास वाढवून द्या, नुसती थिअरी नको.

एक वेल्डर