प्रेक्षकांविना फुटबॉल नको

हुल्लडबाजी थांबेपर्यंत शाहू स्टेडियमवरील सामने प्रेक्षकांविना खेळवावेत, ही आपल्या अंकातील एका वाचकाची सूचना पटली नाही. कोल्हापूरचे तालीम संघ, म्हणजे पेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ, राष्ट्रीय लीगमध्ये नाहीत. पाटाकडील असो वा खंडोबा, त्यांना पेठेतला प्रेक्षकच जगवतो. लहानपणी काकांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी पाटाकडीलची मॅच बघायला जाई. ऑफसाइड म्हणजे काय, हे पायरीवर शेजारी बसलेल्या अनोळखी आजोबांनी शेंगा सोलता सोलता शिकवले. (पंचांना घालायच्या शिव्याही तिथेच कळल्या, हे खरे.) २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. आज पायऱ्यांवर बसणाऱ्या पोरांनाही तसे स्वप्न पडते. दगड मारणाऱ्याला शोधून हंगामभर प्रवेशबंदी करा. त्याच्यापायी पोरांना घरी का बसवायचे?

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर