अडुळशाचा रस पेल्याने नको

संपादक महोदय,

सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी साताऱ्यात हल्ली पाल्याच्या रसांचे गाडे लागतात. गुळवेल, कडुनिंब, अडुळसा, सगळे एकाच टेबलावर. लोक औषधी पाल्याकडे वळताहेत याचा मनापासून आनंद आहे. पण परवा एका गरोदर बाईला ‘खोकल्यावर रामबाण’ म्हणत अडुळशाचा पेला दिला जात होता, तेव्हा राहवले नाही.

अडुळशाच्या पानांत व्हॅसिसिन हे अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारे, शरीरावर परिणाम करणारे रसायन) असते. त्याने कफ सुटतो. खोकल्याच्या औषधांतले ब्रोमहेक्झिन त्यावरूनच तयार झाले. पण याच व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावू शकते, म्हणून गरोदरपणी अडुळसा वर्ज्य. आमच्या जावळीकडच्या म्हाताऱ्या बायकांना हे पक्के ठाऊक असे. बांधावरची, शेरडेही तोंड लावत नाहीत अशी ही पाने त्या तव्यावर शेकायच्या, फडक्यात पिळायच्या आणि निघेल तो चमचाभर रस मधातून चाटवायच्या. पेला भरून कधीच नाही.

गुळवेलीचेही तेच. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना ती घेतली तर साखर फार खाली जाऊ शकते.

नगरपालिकेने अशा गाड्यांवर प्रत्येक रसापुढे वनस्पतीचे नाव, प्रमाण आणि तो कोणी घेऊ नये हे ठळक मराठीत लिहिणे सक्तीचे करावे. हा मजकूर शासकीय दवाखान्यातल्या आयुर्वेद वैद्यांकडून तपासून घ्यावा. गाडे बंद करा, असे माझे अजिबात म्हणणे नाही.

– एक वाचक, सातारा