माझ्या आजीकडे जेलचा दाखला नव्हता

मा. पालकमंत्री, सांगली जिल्हा
यांस सविनय नमस्कार.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तुम्ही आहात, म्हणून हे पत्र तुम्हाला. मी पलूस तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. मला पुतळा मागायचा नाही, कमान मागायची नाही, हे आधीच सांगते. मला काही नावं लिहून घ्यायची आहेत आणि त्याला फार थोडा वेळ उरला आहे.

१९८५ साली मी नुकतीच नोकरीला लागले होते. स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन मिळते असं कुणीतरी सांगितलं म्हणून आजीला घेऊन एका कार्यालयात गेले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, जेलचा दाखला आहे का?" आजीला प्रश्न नीट कळला. ती म्हणाली, "मी घावली असती तर तुमच्या फरारी लोकांस्नी भाकरी कुणी पोचवली असती, सायेब?" साहेबांनी मान खाली घातली. अर्ज घेतला, पण त्याला जोडायला कागद नव्हता. पुढे काही झालं नाही. आजीने तो विषय पुन्हा काढला नाही. माझ्या मनातून मात्र तो कधी गेला नाही.

१९४२ मध्ये आपल्याकडे मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. २४ ऑगस्टला कराडला, ३ सप्टेंबरला तासगावला. ९ सप्टेंबरला वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे लोक गोळ्यांना सामोरे गेले, नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला पंड्या आणि बारपटे यांचा बळी गेला. उघड्यावर लढलं तर नुसती माणसं मरणार, हे कळल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि पुढच्या वर्षी प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता गावांनी चालवलेलं आपलं सरकार, उभं राहिलं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, प्रतिसरकारच्या लढाऊ दलाचे, म्हणजे तुफान सेनेचे, कॅप्टन रामभाऊ लाड. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वे लुटली गेली. २४ जुलैला वसंतदादांनी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडला. हे सगळं मी तीस-पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं आणि पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा शिकवेन.

पण भूमिगत माणसालाही रोज दोन वेळा भूक लागते, हे आपण पोरांना सांगत नाही.

आमच्या घरी चार माणसं खाणारी होती. शाळूच्या रानात लपलेली कधी आठ, कधी बारा. दळण जात्यावर, आणि रात्रीच्या शांततेत जात्याची घरघर फार लांब जाते. चार माणसांच्या घरात बारा जणांचं पीठ निघतंय हे खबऱ्याच्या कानावर पडायला वेळ लागला नसता. म्हणून आजी पहाटे, सगळ्या गल्लीत जाती सुरू झाल्यावर दळायची आणि थोडं दळण शेजारणीकडे टाकायची. शेजारणीने कधी विचारलं नाही की एवढं कशाला. रात्री धूर दिसायला नको म्हणून भाकरी दिवसाच थापायच्या. त्या फडक्यात गुंडाळून पाटीच्या तळाला, वर खर्ड्याचा गोळा पळसाच्या पानात, आणि त्याच्यावर शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचायच्या. शेणीची पाटी पोलीस उपसत नाहीत, हा तिचा अनुभव. परड्याच्या भिंतीवर तांबडं लुगडं वाळत असलं तर रानातल्यांनी गावाकडे यायचं नाही. ते लुगडं तिने शेवटपर्यंत ट्रंकेत ठेवलं होतं. बाकी पुरावा म्हणावा असं आमच्याकडे काहीच नाही.

रात्रीची राखण तेव्हाच्या मांगवाड्यातले दोघे भाऊ करायचे. वेशीवर कुणी परका दिसला की एक जण हलगीवर दोनदा थाप मारायचा. हलगी वाजली तर कुणाला नवल वाटत नव्हतं. त्यांची नावं आजीला माहीत होती. मी तिला वेळेवर विचारली नाहीत. आज गावात ती कुणालाच सांगता येत नाहीत. ही चूक माझी आहे.

प्रतिसरकार म्हटलं की लोकांना गुन्हेगाराच्या पायाला नालासारखी ठोकलेली पत्री आठवते. माझ्या मते ती दंतकथाच फार मोठी झाली आणि खरं काम तिच्याखाली दबलं. खरं काम होतं न्यायदान मंडळांचं. सावकाराने लाटलेली जमीन, बांधाची भांडणं, टाकून दिलेली बाई, दारूचा गुत्ता, असली प्रकरणं गावातच पंच बसवून मिटवली जायची. लग्नातला खर्च बंद करून हाराफुलांवर गांधी विवाह लावले जायचे. ज्या माणसाला मामलेदार कचेरीची पायरी चढायची हिंमत नव्हती, त्याचं म्हणणं इथे ऐकून घेतलं जात होतं. सत्यशोधकांनी ज्या भागात आधीच नांगरट करून ठेवली होती, तिथेच हे पीक उगवलं असं मला वाटतं. स्वातंत्र्याची लढाई आणि सामाजिक न्यायाची लढाई आपल्या जिल्ह्यात दोन नव्हत्या, एकच होती.

आता नियम बघा. केंद्राची पेन्शन १९७२ पासून आहे. तिला निदान सहा महिन्यांचा तुरुंगवास लागतो, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिन्यांचा. भूमिगतांसाठी फरारी म्हणून जाहीर झालेलं असावं लागतं, डोक्यावर बक्षीस लागलेलं असावं लागतं किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघालेला असावा लागतो. म्हणजे पोलिसांच्या दप्तरात नाव हवं. ज्यांनी आपलं काम इतकं बिनबोभाट केलं की पोलिसांना कधी पत्ताच लागला नाही, ते या नियमात कुठे बसणार? पैशांचा प्रश्न आता उरलेला नाही, ती माणसं गेली. प्रश्न नावांचा आहे.

हौसाताई पाटील यांचं नाव राहिलं. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा बायकोला मारझोड करतोय असं सोंग केलं गेलं. पोलीस सोडवायला बाहेर आले आणि आत साथीदारांनी बंदुका लांबवल्या. त्या भांडणातली बायको म्हणजे हौसाताई. मार मात्र खरा बसला होता, असं त्या सांगायच्या. २०२१ पर्यंत त्या होत्या, सांगत होत्या, ऐकणारे त्यांच्या दारी गेले. दहा गावं पलीकडे तसंच धाडस केलेल्या बाईच्या दारी कुणी गेलं नाही.

कागद शोधायचे म्हटले तरी ते सोपं नाही. तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्हा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यात कुंडल औंध संस्थानात. औंधने १९३९ मध्येच गावांच्या हाती कारभार दिला होता आणि इंग्रजांच्या पोलिसांना संस्थानी हद्दीत मोकळेपणी घुसता येत नव्हतं, म्हणून तर कुंडल हे प्रतिसरकारचं केंद्र झालं. आजी म्हणायची, "वड्याच्या अल्याड इंग्रजाचं, पल्याड औंधाचं." एका ओढ्याच्या दोन काठांचे कागद दोन सत्तांच्या दप्तरात. तालुक्याच्या कार्यालयात बसून ही यादी कधीच पूर्ण होणार नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. पुढच्या आराखड्यात एका कमानीचा खर्च बाजूला ठेवा. पलूस, कडेगाव, वाळवा, शिराळा, तासगाव या तालुक्यांतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरापोरींना गावोगाव पाठवा. मोबाईल सगळ्यांकडे आहे. म्हाताऱ्यांनी सांगितलेलं रेकॉर्ड करायचं, कुणाच्या घरी कोण लपलं, कुणी चिठ्ठी नेली, कुणी राखण केली. मग ती नावं ग्रामसभेत वाचून दाखवायची. गावाने हो म्हटलं की नाव पक्कं. साताऱ्याच्या पालकमंत्र्यांनाही सोबत घ्या, वडूजच्या बाजूलाही अशीच घरं आहेत.

कुणी म्हणेल, ग्रामसभेच्या तोंडी साक्षीला काय अर्थ, उद्या कुणीही आपल्या आजोबाचं नाव घुसडेल. घुसडेल एखादा. पण प्रतिसरकारच्या पंचांनी गावातल्या चारचौघांच्या शब्दावरच जमिनीचे निवाडे केले आणि लोकांनी ते मानले. जिथे त्या शब्दावर जमीन परत मिळाली, तिथे त्याच शब्दावर एक नाव भिंतीवर लिहायला हरकत कसली?

आणि ती भिंतही आपल्याकडे आहे. १९८० नंतर गावोगाव हुतात्मा स्मारकं बांधली गेली. आमच्या जवळच्या एका स्मारकाला वर्षातले बहुतेक दिवस कुलूप असतं, फरशी उखडली आहे, पावसाळ्यात शेळ्या ओट्यावर उभ्या राहतात. हुतात्म्यांच्या नावांखाली तिथली बरीच जागा कोरी आहे. ती बघितली की मला ते हलगीवाले भाऊ आठवतात.

१९४४ साली बारा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदी ओलांडून गेलं आहे. आमच्या मागच्या गल्लीत अशा एक आजी आहेत. लहानपणी त्या माझ्या आजीबरोबर शेणीची दुसरी पाटी घेऊन रानात जायच्या. गेल्या उन्हाळ्यात दोनदा त्यांनी मला ओळखलं नाही, पण रानातली वाट विचारली की कुठल्या बांधावरून कुठे वळायचं ते अजून बिनचूक सांगतात. तुमची माणसं पाठवणार असाल तर सकाळी दहाच्या आत पाठवा. दुपारी त्यांना झोप लागते आणि उठल्यावर बराच वेळ काही आठवत नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, पलूस तालुका